पाहून सांगणाऱ्या रंगारी मॅडम

रंगारी मॅडमचा मला राग येतो, असं मी बायकोला बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नव्हतं. राग यावा असं त्यांनी माझं कधी काही केलं नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा. पन्नाशीला आलेल्या माणसानं शेजारच्या बाईचा हेवा करायचा, हे स्वतःशी कबूल करणंही अवघड, म्हणून मी त्याला राग म्हणत होतो.

जवाहरनगरला फॅक्टरीच्या वसाहतीत आमची क्वार्टरं एकमेकांना लागून होती, मध्ये एकच भिंत. मॅडम फॅक्टरीत तपासणीच्या विभागात होत्या. आलेला माल पाहायचा, मोजायचा आणि ठेवायचा की परत पाठवायचा ते लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. मी वसाहतीच्या देखभालीत इलेक्ट्रिशियन. लोकांचे पंखे, पाण्याचे पंप, रस्त्यावरचे दिवे. दिवसातून दोनदा तरी आमची गाठ पडायचीच. ठेंगणा बांधा, तेल लावून घट्ट बांधलेले केस, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. किती वाजले असं विचारलं की त्या हात उलटा करून, तळहात वाचल्यासारखं घड्याळ वाचायच्या आणि मिनिटांसकट वेळ सांगायच्या. घरात एकट्याच. भाऊ आणि त्याचा संसार गावाकडे, तुमसरच्या बाजूला आंबागडला. लग्न का केलं नाही हे वसाहतीत कोणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

तपासायची सवय त्यांनी फॅक्टरीच्या गेटवर ठेवून घरी यायला हवं होतं, असं मी म्हणायचो. पण ती त्यांच्या अंगातच मुरलेली होती. बाजारात त्या भेंडी एकेक करून निवडायच्या. शेंडा मोडला की भाजीवाली ओरडते, म्हणून मोडायच्या नाहीत, बोटांत धरून जराशी वाकवायच्या. चांगली असली की पिशवीत, नसली की "परत" असं पुटपुटून ढिगावर. एकदा भाजीवाली म्हणाली, "मॅडम, आज तरी माहा सगळा माल पास करा." आजूबाजूचे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "माल चांगला हाये व तुहा," त्या म्हणाल्या, "पण मी घरी काय नेऊन राहिली, ते मले माहीत पायजे ना." वसाहतीतली पोरं त्यांना पाठीमागून 'परत मॅडम' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

त्यांच्यासमोर एक शब्द चालायचा नाही, तो म्हणजे 'असंल'. सकाळी फॅक्टरीची बस उशिरा आली आणि कोणी म्हणालं की टायर पंचर झाला असंल, की मॅडम लगेच वळायच्या. "असंल नका म्हणू भाऊ. पाहून सांगा, नाहीतर माहीत नाही म्हणा." 'माहीत नाही' हे उत्तर त्यांना मनापासून आवडायचं. स्वतःही ते दिवसातून चार वेळा द्यायच्या, अगदी सहज, कमीपणा न वाटता. आम्हा कारागिरांना ते जमत नाही. कोणी बंद पंखा घेऊन आला की तो खाली ठेवायच्या आधीच आम्ही सांगतो, कंडेन्सर गेला. बरेचदा ते बरोबरही निघतं. नाही निघालं की म्हणतो, पंखाच जुना आहे.

चौदा एप्रिलच्या जयंतीला वसाहतीत मोठी रोषणाई असते. एका वर्षी ती माझ्याकडे आली. विहारापासून मैदानापर्यंत माळा, स्टेजला वेगळी लाइन, मागे निळ्या दिव्यांचं अशोकचक्र. आदल्या संध्याकाळी बटण दाबलं, सगळं एकदम लागलं, जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम कमिटीत होत्या. त्या स्टेजच्या पायरीजवळ वाकल्या, तारेच्या एका जोडावरची टेप बोटानं दाबली आणि म्हणाल्या, "कापगते भाऊ, हा एक खोलून दाखवता का?"

मी खोलला. आत तारा नुसत्या पिळलेल्या होत्या, त्याही अर्धवट. तो जोड मीच केला होता.

"बाकीचे?"

"बाकीचे ठीक असतील."

त्या तिथून हलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. मग मी मुख्य स्विच पाडला आणि सगळे जोड उघडले. नऊ कच्चे निघाले. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या वेळी अवकाळी पावसाची सर आली. नाचाच्या पोरी ओल्या पायांनी स्टेजवर चढल्या. कोणाला काही झालं नाही. शेवटी आभार मानताना माझं नाव घेतलं, तेव्हा पुढच्या रांगेत मॅडम टाळ्या वाजवत होत्या. कमिटीतल्या कोणाला त्यांनी त्या नऊ जोडांबद्दल सांगितलं नव्हतं. मला ते बरं वाटायला हवं होतं. उलट त्या टाळ्या माझ्या मनात सलत राहिल्या.

पण तेवढ्यावर भागलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती. माझी मुलगी मध्ये आली.

प्राची आमची एकुलती एक. लहान असताना ती माझा टेस्टर हातात घेऊन माझ्यामागे क्वार्टर-क्वार्टर फिरायची. शाळेत वडिलांवर चार ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा हिनं एकच लिहिली होती, 'माझ्या बाबांना सर्व काही दुरुस्त करता येते.' बाईंनी बाकीच्या तीन ओळींची जागा लाल पेनानं गोल करून दिली होती. ती वही मी कपाटात माझ्या कागदांसोबत ठेवून दिली.

अकरावीत तिला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये तारेची जाडी मोजायचं स्क्रूगेज आलं आणि ते काही केल्या वाचता येईना. मी ते कधी हाताळलेलं नव्हतं. मॅडम मात्र ते रोज हाताळायच्या. एक दिवस ती विचारायला म्हणून शेजारी गेली, आणि मग जातच राहिली. आधी अभ्यासाला, मग नुसतीच. भिंत एका विटेची होती. पलीकडून आधी दोघींचं बोलणं ऐकू यायचं, मग प्राचीचं हसणं. आमच्या घरात ती तशी हसत नसे. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. संगीता, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणायची, "काहून एवढा मोठा करता? बहिरे झाले का?"

जेवताना प्राचीचं वाक्य 'मॅडम म्हणतात' असं सुरू व्हायचं. मॅडम म्हणतात, आधी वाचायचं आणि मग हात लावायचा. मॅडम म्हणतात, तांदूळ निवडताना उजेड डावीकडून पाहिजे. एकदा मी मनातल्या मनात मोजलं. एका जेवणात अकरा वेळा. बाराव्या वेळी मी म्हणालो, "मॅडम जेवण कसं करतात, तेही विचारून घे." प्राचीला त्यातला टोमणा कळला नाही. ती म्हणाली, "हळू जेवतात बाबा. शेवटी ताकात मीठ."

बारावीची परीक्षा झाली. प्राचीला आर्किटेक्चरला जायचं होतं, घरांचे नकाशे काढायचे होते, आणि त्यासाठी जरा ताकदीचा कॉम्प्युटर हवा होता. तयार घेण्यापेक्षा सुटे भाग आणून घरीच जोडू, असं तिनंच सुचवलं. तिनं इंटरनेटवर पाहून यादी केली. मी तिला नागपूरला घेऊन गेलो आणि दिवसभर फिरून आम्ही एकेक वस्तू घेतली. बसमध्ये मदरबोर्डचा खोका तिनं मांडीवर धरला होता. त्या दिवशी तिच्या तोंडून मॅडमचं नावसुद्धा निघालं नाही. मी फार खूश होतो.

रविवारी आम्ही बसलो. पुस्तिका ती वाचत होती. मी म्हटलं, वाचू नको, यात काय आहे, प्लग आणि सॉकेट. कॅबिनेटच्या आत पितळेचे बारीक खांब बसवतात, म्हणजे बोर्ड त्यांवर तोलून राहतो आणि त्याचा पाठीमागचा भाग पत्र्याला टेकत नाही. कॅबिनेटला जेवढी भोकं दिसली, तेवढे खांब मी भराभर पिळून टाकले. वर बोर्ड बसवला. तारा तिनं जोडल्या. संगीतानं हळद-कुंकू लावलं. प्राचीनं बटण दाबलं.

आतला पंखा फिरला. तीन-चार सेकंद फिरला आणि थांबला. मग आपोआप पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. स्क्रीन काळाच.

मी सॉकेट तपासला, केबल बदलली, अर्थिंग पाहिलं. सोमवारीही ड्यूटीवरून येऊन तेच केलं. शेवटी म्हणालो, "बोर्ड गेलेला आहे. शनिवारी जाऊन परत करून येतो."

प्राचीनं त्या बंद डब्याकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही पाहिलं की अंदाज आहे?"

आवाज तिचा होता, वाक्य शेजारचं होतं. मंगळवारी संध्याकाळी मी घरी आलो, तेव्हा मॅडम आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसलेल्या होत्या. सोबत एक लांबट वही आणि मसाल्याचा रिकामा डबा, आतल्या सात वाट्यांसकट.

"मले कॉम्प्युटर येत नाही, कापगते भाऊ," त्या मला पाहून म्हणाल्या. "मले फक्त तपासता येते. पोरगी म्हणाली, म्हणून आली."

"बोर्डच खराब आहे मॅडम."

"असू शकते. प्राची, या कॉम्प्युटरच्या डब्यात किती वस्तू हायेत?"

प्राचीनं मोजून सांगितल्या.

"त्यातली कोणती खराब हाये ते आपल्याले माहीत नाही. मंग सगळ्या बाहेर काढ. जिच्याबिगर सुरूच होत नाही, तेवढ्याच आधी जोडू."

आम्ही रविवारी दिवसभर खपून जोडलेलं सगळं तासाभरात सुटं झालं. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या वाटीत. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी. मॅडमनं वहीत चार रकाने पाडले, वस्तू, काय पाहिलं, कसं आढळलं, कारण. प्राची पुस्तिकेतून वाचायची, मॅडम चष्मा लावून वाकून पाहायच्या, मग प्राचीला पाहायला लावायच्या, आणि दोघींना सारखं दिसलं तरच लिहायच्या. रॅमची पट्टी बसली की तिच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा मिटायला हव्यात, असं पुस्तिकेत होतं. मॅडमनं दोन्हींवर नख टेकवून पाहिलं आणि लिहिलं, 'दोन्ही बंद.'

"आता हे सुरू कसं करायचं? बटण तं डब्याले राहिलं."

प्राचीनं पुस्तिकेतलं चित्र दाखवलं. बोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडायच्या. मॅडम बाजूला सरकल्या. "हे तुमचं काम, भाऊ."

रुसलेल्या पोराच्या हातात काहीतरी द्यावं, तसं ते मला वाटलं. तरी मी खाली बसलो आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना टेकवलं. पंखा फिरला. थांबला नाही. आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली.

प्राची उठली आणि तिनं मॅडमला मिठी मारली. मॅडमला कोणी मिठी मारताना वसाहतीत कोणी पाहिलं नसेल. त्यांचे दोन्ही हात आधी तसेच खाली लोंबत राहिले. काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मग एक हात हळूच प्राचीच्या पाठीवर आला आणि तिथे थांबला.

"बाबा, बोर्ड चांगला आहे," प्राची त्यांच्या खांद्यावरून मला म्हणाली. आवाजात जरासाही कुत्सितपणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मॅडमनं त्या दिवशी काम थांबवलं. डोळे थकले की नसलेलंही दिसतं, असं त्यांचं म्हणणं. उद्या एकेक वस्तू वाढवू, म्हणाल्या. प्राचीनं बोर्डवर स्वच्छ ओढणी झाकली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी घरी आलो. संगीता शिलाईच्या क्लासला गेली होती, प्राची फॉर्म भरायला भंडाऱ्याला. ताट झाकून ठेवलेलं होतं. मी जेवलो, हात धुतले, पुसले. मग पुढच्या खोलीत जाऊन ओढणी बाजूला केली. रॅमची डावी क्लिप बोटानं उघडली आणि पट्टी त्या टोकाला जराशी वर उचलली. एवढी जराशी, की लक्ष देऊन पाहिल्याशिवाय कळू नये. ओढणी पुन्हा होती तशी घातली.

मी काय करतोय हे मला पक्कं माहीत होतं. हात चुकून गेला, मनाचा तोल गेला, असलं काही नाही. त्या बाईची ती पद्धत एकदा तरी फसावी आणि प्राचीनं ते डोळ्यांनी पाहावं, एवढंच मला हवं होतं. दुपारभर मी पाण्याच्या पंपावर काम केलं आणि मधूनमधून घड्याळ पाहत होतो.

संध्याकाळी पिनांना टोक मीच टेकवलं. पंखा फिरत राहिला, स्क्रीन काळा. पुन्हा टेकवलं. काळा.

"सांगत नव्हतो का मी," मी म्हणालो. "काल नशिबानं एकदा चालला. बोर्डातच गडबड आहे."

प्राचीचे डोळे भरून आले. मी पैज जिंकल्यासारखा उभा होतो आणि माझी पोरगी सतरंजीवर बसून ओठ चावत होती. हे मी दुपारी धरलंच नव्हतं. तिला रडू येईल, हे माझ्या हिशेबातच नव्हतं. त्याच क्षणी ते परत घ्यावं, असं वाटलं. पण कसं घेणार? क्लिप उघडी आहे असं म्हटलं असतं, तर मला कसं ठाऊक, हे सांगावं लागलं असतं.

मॅडमनं वही उघडली. कालच्या पानावर बोट ठेवून त्या पहिल्या ओळीपासून खाली येऊ लागल्या. प्रत्येक ओळीला बोर्डाकडे पाहायच्या, मग पुढची ओळ. पाचव्या ओळीवर बोट थांबलं. त्या वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या. मला त्यांची मान आणि केसांची गाठ दिसत होती.

"काल दोन्ही बंद होत्या," त्या म्हणाल्या. "आज डावी उघडी हाये."

"अशी कशी उघडली?" प्राचीनं विचारलं.

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"ओढणी अडकली असंल," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा एकदाच ऐकला. प्राचीनंही चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मी वीज बंद केली, मॅडमनं अंगठ्यानं पट्टी दाबली, क्लिप 'टक' करून मिटली, आणि पिनांना पुन्हा टोक टेकवताच स्क्रीन लागला. मग त्यांनी एकेक वस्तू वाढवली. रॅमची दुसरी पट्टी, डिस्क, बाकीचं सगळं. प्रत्येक वेळी सुरू. म्हणजे वस्तूंमध्ये काहीच खराब नव्हतं.

"मंग दोष त्या डब्यात हाये," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर डब्यात ठेवणाऱ्याच्या हातात. उद्या पाहू."

गुरुवारी त्यांनी रिकामं कॅबिनेट खिडकीजवळ आडवं ठेवलं. बोर्डाला भोकं किती, ते प्राचीला मोजायला लावलं. आठ. कॅबिनेटमधले पितळी खांब मोजले. नऊ. प्राचीनं बोर्ड त्यांच्यावर अधांतरी धरला आणि मॅडमनं खालून पाहिलं. नववा खांब जिथे होता, तिथे बोर्डाला भोक नव्हतंच. त्या खांबाचं टोक बोर्डाच्या पाठीमागच्या उघड्या जोडांना टेकत होतं. शॉर्ट. म्हणूनच ते सुरू होऊन लगेच स्वतःला बंद करत होतं. कॅबिनेट मोठं होतं, बोर्ड लहान. सगळ्या भोकांत खांब लावायचे नसतात, हे पुस्तिकेत लिहिलेलंही होतं.

"हा कोणी लावला?" मॅडमनं विचारलं.

"मी."

निदान हे तरी मी लगेच सांगितलं.

"लिही प्राची. कारण, जोडताना एक खांब जास्त लागला."

"कोणी लावला ते लिहू?"

"नाव कायले? चूक लिहायची असते."

मी पान्यानं तो खांब काढला. सगळं पुन्हा बसवलं, या वेळी वाचून. बटण दाबलं. पंखा फिरत राहिला आणि स्क्रीन उजळला. प्रोग्राम टाकून होताच प्राचीनं स्क्रीनवर एक चौकोन काढला, त्याला दार, दाराला उंबरठा. संगीता शिरा करायला आत गेली आणि प्राची तिच्यामागे वाट्या आणायला.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मॅडम वही मिटत होत्या. मी विचारलं, "कालचं काय लिहिलं तुम्ही?"

त्यांनी पान उलटून वही माझ्यापुढे धरली. 'रॅम. डावी क्लिप उघडी आढळली. बंद केली.' पुढचा कारणाचा रकाना कोरा होता. बाकी प्रत्येक ओळीला त्यात काही ना काही लिहिलेलं होतं, नाहीतर 'माहीत नाही' असं. इथे तेही नव्हतं.

"मले माहीत हाये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून नाही लिहिलं."

आतून वाट्यांचा आवाज आला. त्यांनी वही पिशवीत घातली. शिरा खाल्ला, चांगला झाला म्हणाल्या, आणि मसाल्याचा डबा घेऊन गेल्या.

कोणाला वाटेल, त्यानंतर माझं मन निवळलं असेल. नाही निवळलं. पूर्वी त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या, एवढंच होतं. आता त्या माझ्यापेक्षा चांगल्याही होत्या, आणि हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्यांनी माझ्या पोरीसमोर माझी लाज राखली. ज्यानं आपली लाज राखली त्याच्याकडे पाहणं किती जड जातं, ते मला तेव्हा कळलं. बसमध्ये मी पुढे जाऊन बसू लागलो. रस्त्यात दिसल्या की सायकलवरून उतरून चेन पाहायचो. त्या मात्र पूर्वीसारख्याच, "कापगते भाऊ, बरे हाये ना?" म्हणायच्या. त्यांच्या बोलण्यात मला कधी खोच सापडली नाही. मी शोधत होतो.

प्राचीला नागपूरला प्रवेश मिळाला. यादी लागली, तेव्हा ती मैत्रिणीकडे होती. मला तिचा फोन आला. मी आनंदानं संगीताला हाक मारली आणि मग विचारलं, "मॅडमना सांगितलं का?" ती म्हणाली, "हो, त्यांना आत्ताच केला होता." एक मिनिटाचा फरक असेल. ते मिनिट मी कितीतरी दिवस मनात घोळवलं.

पुढे दोन वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं, आणि सोडताना देखभालीचा माणूस येऊन सगळं तपासतो. पंखे किती, दिवे किती, कुठला स्विच तुटला आहे का. मग तो फॉर्मवर सही करतो. आमच्या ओळीतली विजेची तपासणी माझ्याकडे होती.

सकाळी मी गेलो. सामान बाहेर छोट्या ट्रकमध्ये चढत होतं. घर रिकामं होतं. भिंतीवर जिथे बाबासाहेबांची तसबीर होती, तिथे चौकोन उजळ राहिला होता. मॅडम खोलीच्या मधोमध हात मागे बांधून उभ्या होत्या. मी फॉर्म काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तपासणारा होतो आणि त्या ज्यांचं तपासायचं त्या. खोटं कशाला सांगू, काहीतरी तुटकं सापडावं, असं मला वाटत होतं. एखादा रेग्युलेटर, एखादी फुटकी प्लेट. मी प्रत्येक बटण दाबलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

"सावकाश पाहा," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

स्वयंपाकघर झालं. मागचं झालं. मी फॉर्म भिंतीला टेकवून भरू लागलो. त्या दारात उभ्या होत्या. पुन्हा अशी वेळ येणार नव्हती.

"मॅडम," मी म्हणालो, "तेव्हा दुपारी मी जेवायला घरी आलो होतो..."

"न्हाणीतला होल्डर राहिला पाहायचा," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखाच होता, माल पाहताना असायचा तसा. मी न्हाणीत गेलो. होल्डर ठीक होता. मी तिथेच अंधारात जरा वेळ थांबलो, चेहऱ्यावर पाणी मारलं, शर्टाच्या बाहीला पुसलं आणि बाहेर आलो. सही केली. त्यांनी फॉर्म चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग स्वतःची सही केली.

प्राची दोन दिवसांपूर्वीच नागपूरहून आली होती. आमच्याकडे राहायला नाही. मॅडमसोबत आंबागडला जाऊन त्यांचं घर लावून द्यायला. संगीतानं तिला डबा बांधून दिला. मी तिची बॅग ट्रकपर्यंत नेली. ड्रायव्हरच्या शेजारी आधी मॅडम चढल्या, मग प्राची, आणि तिच्या मांडीवर मॅडमच्या लिंबाच्या रोपाचा डबा दिला. दार मी लावलं. एकदा नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा लावलं.

"जाते बाबा," प्राची म्हणाली.

मॅडमनं मान हलवली.

ट्रक विहाराच्या कोपऱ्यापर्यंत हळू गेला. सामानाच्या फटीतून, मागच्या काचेत दोन डोकी दिसत होती, एक ठेंगणं, एक उंच. वळायच्या आधी मॅडम प्राचीकडे झुकून काहीतरी म्हणाल्या आणि प्राची हसली. डोकं मागे टाकून, सगळं अंग हलेल अशी. काय म्हणाल्या ते एवढ्या दूरवर मला ऐकू येणं शक्यच नव्हतं.